लीलाताईंचा अंगठा

शेजारच्या लीलाताई तहसील कचेरीत कारकून होत्या. न वाचता सही करायची नाही, हा त्यांचा नेम. कुणी निरक्षर आला, तर अख्खा कागद त्याला वाचून दाखवायच्या आणि मगच त्याचा अंगठा घ्यायच्या.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला मोबाइलवरून द्यायचा होता, म्हणून त्या माझ्याकडे आल्या. ॲपने आधी फोटो, फोन नंबर, ठावठिकाणा, सगळ्याची परवानगी मागितली. खाली बारीक अक्षरांत अटीच अटी. ताईंनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

मला घाई होती. "ताई, ते वाचायचं नसतं. खाली 'मान्य' दाबायचं."

"वाचायचं नसतं, तर लिहिलंय कशाला?"

मी हसलो. त्याच सकाळच्या पेपरात सरकारच्या नव्या धोरणावर माझा लेख होता. लोकांची संमती गृहीत धरू नका, असं मी तावातावाने लिहिलं होतं.

ताईंनी बोट खाली नेऊन 'मान्य' दाबलं.

काल त्यांच्या फोनवर पुन्हा तसंच काहीतरी आलं. चष्मा टेबलावरच राहिला. त्यांनी अंगठ्याने झटकन 'मान्य' दाबलं आणि कौतुकाच्या अपेक्षेने माझ्याकडे पाहिलं.

"शिकले की नाही मी?"