कमरेचा दोर

सत्तर-एकाहत्तर साल असेल. ऐन श्रावणात ठाकुरवाडीच्या वरचा कडा आम्ही तिघे दोराने उतरत होतो. दोर मीच एका उंबराला बांधला होता. दोघे मित्र खाली धुक्यात दिसेनासे झाले आणि माझी पाळी आली.

जवळच इरलं पांघरून गवत कापणारा एक माणूस उठून आला. त्याने उंबराला खांदा लावला. झाड हललं. मुळांखालून चिखल वर आला.

त्याने दोर सोडवून स्वतःच्या उघड्या कमरेला बांधला आणि खडकाला टाचा देऊन बसला.

"अहो मामा, मी घसरलो तर तुम्हीही ओढले जाल!"

"मंग सोडीन कशाला? माजी घरी वाट बगत्यात. झाडाची कोन बगतंय रं?"

मध्यावर माझा पाय सुटलाच. दोर ताणला गेला, पण सरकला नाही. वरून फक्त एक हुंकार ऐकू आला.

खाली टेकलो, तसा त्याने दोर सोडून दिला. मी तो गुंडाळू लागलो. शेवटचा दोन हात दोर रक्ताने लाल होता.