हेल्मेटमधली मोहफुलं

डोंगरावरच्या नव्या खाणीत भरती झालेल्या गावातल्या बायकांचं प्रशिक्षण सध्या आमच्या शाळेच्या पटांगणात चालतं. आज सकाळी वर्गाच्या खिडकीतून पाहिलं, तर पार्वताबाई झाडाखाली पिवळं हेल्मेट उलटं धरून त्यात मोहफुलं वेचत होती.

"ते डोक्यावर घालायचं असतं, बाई!" शिकवणारे साहेब ओरडले.

"इथं डोक्यावर काय पडते जी? मोहफुलंच त पडतात," ती हसली.

"खाणीत दगड पडतात."

तिचं हसू विरलं. नोकरी लागली म्हणून तिनं वाटलेला पेढा मीही खाल्ला होता. ज्या डोंगराच्या अंगाखांद्यावर ती वाढली, त्यालाच भ्यायला आता तिला शिकवतायत.

तिनं फुलं पदरात ओतली, हेल्मेट घालून पट्टा आवळला. वरून एक फूल टपकन त्यावर पडलं. तिला ते कळलंसुद्धा नाही.