बंपरखालचे पिवळे दिवे

दिंद्रुडच्या फाट्यावर आश्रुबाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं, तेव्हा त्याला पाटी नव्हती. एका जुन्या ट्रकच्या दिव्याची पिवळी काच तारेनं दाराला टांगलेली असायची. ती दिसली की ड्रायव्हर समजायचे, आश्रुबा आलाय. आता त्या जागी मोबाइलची कव्हरं विकतात, आणि आश्रुबा घराच्या ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांचे दिवे बघतो. डोळ्यांची ऑपरेशनं झाली, तरी बारीक तार दिसत नाही. त्यामुळे कुणाचं काम तो घेत नाही.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी रोहिणीनं दुधाचा पिकअप थेट त्याच्या ओट्याशी आणून उभा केला. ज्यांची ही गाडी, त्या गावातल्या आप्पांची रोहिणी ही सून. तिच्या नवऱ्याचा, अमरसिंहचा, मणका दुखावला तेव्हापासून आसपासच्या गावांचं दूध माजलगावच्या शीतकरण केंद्रावर तीच पोचवत होती. गावानं आधी तोंडात बोटं घातली, मग गावाला सवय झाली. आप्पांना झाली नव्हती. त्यात आता धरणाच्या अंगानं पहाटे दाट धुकं यायला लागलं होतं, आणि गाडीचे बंपरखालचे दोन्ही फॉग लाइट बंद पडले होते. माजलगावात नवे बल्ब टाकून झाले, तरी उजेड नाही. आज सकाळी रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्याला गाडी घासली. आप्पांनी घरात सांगून टाकलं, आज दिवे लागले नाहीत तर उद्यापासून गाडीवर भाचा रामहरी बसेल.

"बाबा, मला गाडी सोडायची न्हाई," रोहिणी म्हणाली.

आश्रुबानं तिला आपल्या डोळ्यांचं सांगितलं. ती म्हणाली, "मला दिसतंय की. तुमी सांगा, मी करते."

तोंडावर नाही म्हणायची सवय आश्रुबाला कधी नव्हतीच. तो उठला, घरातून हत्यारांचं जुनं पेटारं काढून आणलं आणि बंपरसमोर पोतं टाकून बसला.

त्यानं आधी बटणावरच संशय घेतला. त्याच्या काळातल्या जीपांमध्ये दहातल्या नऊ वेळा बटणच बिघडलेलं असायचं. रोहिणीनं डॅशबोर्डाचं झाकण उचकटून बटण बाहेर काढलं, पुसलं, परत बसवलं. बटण ठणठणीत होतं. आश्रुबा ओशाळला. मग त्यानं बॉनेट उघडायला लावलं, बटण दाबलं की दिव्यांकडं वीज सोडणाऱ्या रिलेवर अंगठा टेकवला आणि रोहिणीला बटण दाबायला सांगितलं. अंगठ्याखाली बारीकसं टक् झालं. म्हणजे इथवर सगळं बरोबर होतं.

हे काम दोन माणसांचं. एक आत बटणावर, एक बाहेर दिव्यापाशी. कितीतरी वर्षं आत साखराबाई बसायची, आश्रुबाची बायको. भाकरी घेऊन आली की तो तिला गाडीत चढवायचा. स्टिअरिंगला हात न लावता अंग चोरून बसायची आणि एवढ्याशा आवाजात विचारायची, "लागला का वो?" तिला जाऊन आता किती उन्हाळे झाले. पण रोहिणीनं आतून "लागला का बाबा?" असं विचारलं, तेव्हा आश्रुबानं दिव्याआधी आतल्या सीटकडंच बघितलं.

"न्हाई लागला," तो म्हणाला.

वीज दिव्यापर्यंत पोचते का, ते बघायचं होतं. पेटाऱ्यात दोन वायरी जोडलेला एक छोटा बल्ब होता. बटण चालूच ठेवून रोहिणीनं त्याची एक वायर दिव्याकडं वीज आणणाऱ्या तारेला लावली, दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला. बल्ब पेटला. वीज येत होती. दुसरी वायर बॅटरीवरून काढून दिव्याच्या काळ्या तारेला लावली, तर बल्ब विझला.

"वीज येती पोरी, पण तिला माघारी जायला वाट न्हाई," आश्रुबा म्हणाला. "ही काळी तार गाडीच्या लोखंडाला कुठं जोडलीय बघ."

रोहिणी बंपरखाली सरकली. काम करता करता तिनं विचारलं, की मोठे दिवे असताना हे खालचे लागतात कशाला. आश्रुबाला त्याचा बाप आठवला. तो मेंढरं वळायचा. हिवाळ्यात पहाटे कळप रस्त्यानं काढताना कंदील कधी वर धरायचा नाही, गुडघ्याच्या खाली धरून चालायचा. वर धरला की पुढं नुसती पांढरी भिंत. खाली धरला की धुक्याच्या पोटातून वाट दिसायची, मेंढरांचे खूर दिसायचे. पुढं आश्रुबानं कितीतरी ट्रकांना असे दिवे बसवले. ऊसतोडीच्या गाड्या निघायच्या दिवसांत दुकानापुढं रांग लागायची. प्रत्येक दिवा तो बापाच्या कंदिलाच्या उंचीचाच अंदाज घेऊन बसवायचा.

"बाबा, दोन्ही तारा एकाच बोल्टाला हायत," खालून रोहिणी म्हणाली. "आन् ह्याच्यावर हिरवं कायतरी चढलंय."

बोल्ट जोर लावून निघाला. आश्रुबानं तो बोटांत फिरवला. चुना साचावा तसा हिरवट थर, त्यात कुंकू, आणि आट्यांत अडकलेला नारळाच्या शेंडीचा धागा. बंद गाडी ओढायचा, बंपरखालचा टोचनाचा आकडा बोल्टाच्या अगदी वर होता. काय झालं ते त्याला कळलं. गाडी आल्यापासून दर अमावस्येला आप्पा त्या आकड्यावर नारळ फोडत होते. हा मान ते दुसऱ्या कुणाला देत नसत.

बोल्ट घासून लावला आणि दोन्ही दिवे लागले. आश्रुबाला वाटलं, आता नारळाविषयी गप बसावं, काम झालं.

तेवढ्यात आप्पा आले. त्यांनी दिवे बघितले, पण चेहरा सैल झाला नाही. म्हणाले, "खड्ड्यात आपटून आपटून तार तोडली असंल हिनं. आज तू लावलंस, उद्या पुन्हा तुटंल. रामहरीच बरा."

रोहिणी मान खाली घालून हात पुसत राहिली. आप्पांपुढं आश्रुबा जन्मात उलटून बोलला नव्हता. तो म्हणाला, "आप्पा, तार तुटली नव्हती. पोरीचा दोष न्हाई. नारळाचं पाणी बोल्टात मुरत गेलं."

"देवाचं पाणी बे ते."

"देवाचंच हाय. पण लोखंडाला ते कसं कळावं?"

आप्पांनी त्याच्याकडे बघितलं. मग खाली वाकून आकडा बघितला, त्याखालचा बोल्ट बघितला.

"मंजी नारळ फोडूच न्हाई म्हणतोस?"

"फोडा की. चाकापुढं दगड ठेवा, त्याच्यावर फोडा."

आप्पा सरळ उभे राहिले. उद्या पहाटे मीच हिच्या शेजारी बसतो गाडीत, मग ठरवू, एवढं बोलून ते गेले.

पहाटे आश्रुबा ओट्यावर येऊन बसला तेव्हा समोरची बाभळही दिसत नव्हती. पिकअप गेला तो आवाजावरूनच कळला. बऱ्याच वेळानं माजलगावच्या बाजूनं खाली, रस्त्याला लागून, दोन पिवळे डाग दिसले. गाडी ओट्याशी थांबली. आप्पा उतरले. कानटोपी दवानं भिजली होती.

"मोरीपाशी कडंची पांढरी पट्टी दिसली बे," ते म्हणाले. "मला आधी न्हाई सापडली, हिनंच दावली."

रोहिणी इंजिन चालू ठेवून बसली होती. आप्पांनी दाराला हात लावला, पण आत चढले नाहीत.

"दुसऱ्या खेपंला उशीर हुतोय, निघ तू," ते तिला म्हणाले. "मी घरी जातो चालत."