शालीआडचं पाकीट

आमच्या महिला मंडळात पाहुण्याच्या खांद्यावर शाल घालतात आणि तिच्याच आडून मानधनाचं पाकीट हातात सरकवतात. काल आमदारसाहेबांचा हात शालीखालून इतक्या सराईतपणे पुढे आला, की मला आधी हसू आलं आणि मग चीडच आली. गल्लीतल्या नळांना पाणी नाही, म्हणून त्यांना बोलावलं होतं. ते तासभर स्त्रीशक्तीवर बोलले.

तरुणपणी हे पाकीट द्यायचा मान माझा असे. कडक इस्त्रीची साडी, तोंडाला पावडर थापलेली, आणि तेव्हाचे साहेब नुसतं "वा, ताई" म्हणाले की आठवडाभर मी हवेत! केवढी ती बावळट!

आपलं ऐकायला ज्याला पगार देऊन निवडून दिलं, त्याला आपल्याशी बोलायचे वेगळे पैसे कशाला? यावर कायद्यानेच बंदी हवी. मी तसं तोंडावर म्हटलं.

"अहो आजी, हे तर तुमचं प्रेम!" साहेब हसले.

"मग प्रेम ठेवा आणि पाकीट परत द्या. पाण्याचं काय ते बोला."

"पुढचं व्याख्यान आहे हो," म्हणत ते पाकिटासकट गाडीत बसले.

आमच्या अध्यक्षीणबाई माझ्यावरच डाफरल्या, "झालं समाधान? आता कसलं येतंय पाणी!"