दह्याचं भांडं हलवू नये

परवा सुदामा नगरात आमच्या गल्लीत भोंडला होता. पाटावर हत्ती काढून झाला, बायका-मुली जमल्या, आणि माझी नऊ वर्षांची ईशा दारातच थबकली... हाफ स्लीव्हजचा फ्रॉक घालून.

गेल्या वर्षी फेर धरताना शेजारच्या सानवीने तिचा हात सोडून दिला होता. ईशाला एक्झिमा आहे, कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे. तो एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण लहान मुलांना कोण समजावणार... तेव्हापासून भर मे महिन्यातही पोरीच्या बाह्या मनगटापर्यंत.

घरात उपाय एकच, घासा. आम्ही पडलो इंदूरचे, स्वच्छतेचा भारी अभिमान. सासूबाई तिला कढत पाण्याने, जंतुनाशक साबण चोळून आंघोळ घालायच्या आणि चट्टे आणखी फुलायचे.

त्वचेच्या डॉक्टरबाईंनी आधी तो साबण बंद केला. म्हणाल्या, कातडीवर चांगले जंतूही राहतात, ते धुतले गेले आणि कातडी कोरडी पडली की नको त्या जंतूंचं फावतं. लाल भागावर सांगितलेले दिवसच मलम, आणि कोमट पाण्याच्या आंघोळीनंतर ओलसर अंगावर भरपूर मॉइश्चरायझर.

सासूबाईंनी यातलं एवढंच ऐकलं... चांगले जंतू. दुसऱ्या दिवशी बघते तर ईशाच्या दोन्ही हातांवर घरचं दही थापलेलं, आणि ती आग होतेय म्हणून रडतेय.

पुढच्या भेटीत डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. चांगल्या जंतूंच्या मलमांवर अभ्यास चालू आहे, पण दही म्हणजे ते नव्हे, एवढं सांगून त्यांनी सासूबाईंनाच विचारलं, "आजी, विरजण लावल्यावर भांडं सारखं हलवता का?"

"छे हो. चुपचाप लागू द्यायचं ना."

"बस, मग हिच्या हातावरच्या चांगल्या जंतूंनाही तसंच लागू द्या, घासू-खाजवू नका."

झालं. माझं एक न ऐकणाऱ्या सासूबाई मॉइश्चरायझरचा डबा घेऊन बाथरूमबाहेर पहारा देऊ लागल्या. ईशा खाजवायला लागली की एकच वाक्य, भांडं हलवू नको. चट्टे हळूहळू फिके पडले... कोपराच्या घडीत एक आहे अजून, तो येतो-जातो.

तर परवा ईशा फेरात शिरली ती नेमकी सानवीच्या शेजारी. सानवीने हात धरला आणि म्हणाली, "तेरा हाथ तो चिपचिपा है यार."

"क्रीम है. हलवू नको, दही लागतंय."

सानवीला काही कळलं नसावं, पण तिने हात घट्ट धरला. गाणी सुरू झाली आणि मी डोळे पुसून घेतले.

खिरापतीला सासूबाईंनी श्रीखंड केलं होतं. ईशाने ते डाव्या हाताने खाल्लं, कारण उजवा अजून सानवीच्या हातात होता. डाव्या हाताने खाल्लेलं सासूबाईंना एरवी मुळीच खपत नाही... परवा त्यांनी आणखी एक चमचा वाढला.

मी त्यांना आईच म्हणते. आई, थँक्यू.