मुलींच्या संघातली सातवी जागा

मुलींच्या संघात दोन मुलगे घेतले तर बिघडलं कुठं, असं विचारणाऱ्यांनी मुलींचा सामना कधी शेवटपर्यंत पाहिलेलाच नाही. मी डोंबिवलीतल्या एका शाळेत मुलींना कबड्डी शिकवते. कॉलेजात खेळलेले, म्हणून शाळेने बोलावलं. मैदानाची धूळ केसांत बसते तसे किस्से साठतात. कितीही धुवा, थोडे उरतातच. यंदाचे सगळे याच एका प्रश्नाचे.

*

बाळकुमच्या एका मंडळाने शालेय स्पर्धा ठेवलेली. मुलींचे संघ पुरेसे येत नाहीत, म्हणून आयोजकांनी नियम काढला: मुलींच्या संघात दोन मुलगे चालतील. आमचे पी.टी.चे परब सर खूश झाले.

"सानिकाला बसव, रोहनला घे."

सानिका आठवीतली, संघात सगळ्यांत लहान, उजव्या कोपऱ्यात खेळणारी. रोहन दहावीतला, आडदांड.

"सर, मग मुलांच्या संघातही दोन मुली घेऊया."

"काहीतरीच काय. ती खरी स्पर्धा असते."

*

"निदान सरावात खेळवून तर बघ," सर म्हणाले. खेळवलं. कबड्डीत बचाव करणारे हात धरून साखळी करतात. रोहनने शेजारच्या मुलीचा हात काही धरला नाही. खिशातून रुमाल काढला, एक टोक तिला दिलं, दुसरं स्वतः धरलं. आमची प्राची चढाईला आली, दोघांना शिवली आणि रुमालाखालून वाकून परत गेली.

सर ओरडले, "हात धरा रे, लग्न नाही लावत आहोत तुमचं."

मग तर रुमालही सुटला.

*

सानिका दिव्याला राहते. तिच्या घरी गेले तेव्हा नुकतंच पाणी आलेलं, आई हंडे भरत होती. मी दारातच सुरू झाले. समान संधी, मुलींचा हक्क, शाळेची जबाबदारी. आईने नळाखाली दुसरा हंडा सरकवला.

"ताई, ते सगळं पटतं. माझ्या पोरीची जागा आहे की गेली, तेवढं सांगा."

आतल्या खोलीत सानिका ऐकत होती.

*

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, सानिका नसेल तर मीही नाही. गणिताच्या बाई म्हणाल्या, "अगं, पण कप तर येईल ना?"

"येईल. मुलींच्या कपाटात ठेवायचा की मुलांच्या, ते तुम्ही ठरवा."

सर मात्र हटेनात. शेवटी रोहनच आला.

"सर, मला नका ना घेऊ. हरलो तर पोरं बोलणार, पोरींकडून हरला. जिंकलो तर बोलणार, पोरींनाच हरवलं. माझा फायदा काय?"

सरांना ते लगेच पटलं. मी आठवडाभर घसा फोडत होते ते नाही पटलं. राग आला, पण सानिकाची जागा राहिली, म्हणून गप्प बसले.

*

बाळकुमला फायनलपर्यंत गेलो. समोरच्या संघात नियमाप्रमाणे दोन मुलगे. त्यातला उंच मुलगा चढाईला आला आणि सानिकाने त्याचा घोटा धरला. बरोबर धरला, मी शिकवलं होतं तसाच. तो तिच्यासकट मध्यरेषेपर्यंत गेला आणि रेषेला शिवला. सानिका उठली, कोपरं सोललेली.

"ताई, परत आला तर परत धरू?"

"धर."

ती आत असताना तिने प्रत्येक वेळी धरला. तो प्रत्येक वेळी रेषेपर्यंत पोचला. आम्ही हरलो.

बक्षीस समारंभ सुरू झाला. इथे मुलींच्या गटातल्या सर्वोत्कृष्ट खेळाडूला साडी देतात आणि गावातली जाणती बाई स्टेजवर तिची ओटी भरते. मंडळाची पहिल्यापासूनची पद्धत आहे. माइकवरून नाव पुकारलं, तो उंच मुलगा वर गेला. समोर एक आजी हातात ताट घेऊन उभ्या होत्या. साडी, खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. मुलगा ताटाकडे बघत राहिला. आयोजक पुढे आले. "आजी, ओटी राहू दे. नुसती साडी द्या त्याला, फोटो काढून घेऊ."

आजींनी ताट छातीशी धरलं. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला.

"तुजा काय चुकला नाय रं बाला," त्या म्हणाल्या आणि आयोजकांकडे वळल्या. "पोरींचा बक्षीस हाय ना? मग पोरीला बोलवा. ताट धरून माजे हात दुखाय लागले."