आप्पांची मणीगळ

माझे वडील, आप्पा, एकदा म्हणाले की म्हणाले. रक्त पडायला लागलं तेव्हा "मूळव्याध हाय" असं ते वर्षभर म्हणत राहिले. सुरण खाऊन झाला, कुणाकुणाच्या पुड्या खाऊन झाल्या. रक्त काही थांबेना, तेव्हा मीच भांडून त्यांना दिंडोरीहून नाशिकला आणलं. दोन हजार सालानंतरची गोष्ट. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा काढून पाठवला आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

डॉक्टर तरुण होते, समजावून सांगायची भारी हौस. "बाबा, आतड्यातल्या पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. धरून ठेवणारं एक प्रथिन असतं, कॅडहेरिन. तुमच्या गाठीत ते कमी झालंय. पकड सुटली की पेशी रक्तातून लिव्हरकडे निघतात. त्याआधी गाठ काढू."

आप्पांचा चेहरा उजळला. "मणीगळ म्हणा ना!"

"अगदी बरोबर!" डॉक्टर खूश झाले. मला मात्र पुढचं दिसायला लागलं. आमची द्राक्षाची बाग. घडाचे मणी सुटायला लागले की आप्पा बागेत कुणाला पाऊल टाकू द्यायचे नाहीत. हात लावायचा नाही, वेल हलवायची नाही, धक्का लागला की मणी टपाटप गळतात. त्या दिवसांत ओळीतून पळाले म्हणून लहानपणी मी पाठीत धपाटे खाल्लेत.

घरी येताच ते म्हणाले, "ऑपरेशन नाय करायचं. सैल झालेल्या घडाला हात लावतं का कोणी?"

"अहो, ते पोट आहे, बाग नाही!" मी ओरडले.

"तुला लय कळतं."

झालं! पालथ्या घड्यावर पाणी. गावही त्यांच्याच बाजूनं. चाकू लागला की कॅन्सर पसरतो, अमक्याचं तसंच झालं, तमक्याचं तसंच झालं. आई रडायची, भाऊ मान खाली घालून बसायचा. मी दर रविवारी माहेरी जाऊन भांडायचे. इतका राग यायचा त्यांचा, की परतताना एसटीत रडू फुटायचं.

छाटणीपासून काढणीपर्यंत, चार-पाच महिने, असंच चाललं. मग गाठीनं आतडं बंद झालं, पोट नगाऱ्यासारखं फुगलं. आप्पा बोलायच्या स्थितीत नव्हते. भाऊ मागे सरला, म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही मी केली.

डॉक्टर बाहेर आले ते हळू आवाजात बोलले. गाठ काढली होती, पण लिव्हरवर डाग होते. "हे आजचे नाहीत. आधी आला असतात तर कदाचित नसते." तो 'कदाचित' मला अजून सोडत नाही.

आप्पा शुद्धीवर आले, थोडे सावरले, तेव्हा भावानं त्यांना डागांचं सांगितलं. त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज पार खोल गेला होता.

"सांगत होतो ना, धक्का लागंल म्हणून? तू हात लावू दिलास."

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. आप्पा, त्या पेशी आधीच सुटल्या होत्या, तुम्ही थांबलात म्हणून. जन्मात कधी मी त्यांचं ऐकून गप्प बसले नव्हते, आणि या वेळी तर डॉक्टर साक्षीला होते. पण ते ऐकल्यावर त्या माणसानं उरलेले दिवस कशाच्या आधारावर काढायचे?

"हो आप्पा," मी म्हणाले. "चुकलं माझं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "जाऊ दे, पोरी. मुद्दाम थोडंच केलंस."